शेवटचे पद गेले कुठे?

प्रश्न : माझी मुलगी आठवीत आहे. (१२क्ष⁵ + ८क्ष³ + ४क्ष²) या बहुपदीला ४क्ष² ने भागताना तिने ३क्ष³ + २क्ष असे उत्तर लिहिले. ‘४क्ष² ला ४क्ष² ने काट मारली, मग उरले काय?’ असे ती विचारते. तिला कसे समजवावे? — एक पालक, ऐरोली

उत्तर : काट मारली की तिथे काहीच उरत नाही, हा समज शाळेतल्या काट मारण्याच्या सवयीतूनच येतो, त्यामुळे मुलीला फार दोष देऊ नये. वाशीच्या कांदा-बटाटा बाजारातून चार कुटुंबांनी मिळून १२ किलो कांदे, ८ किलो बटाटे आणि ४ किलो लसूण आणला, तर प्रत्येकाच्या वाट्याला ३ किलो कांदे आणि २ किलो बटाटे येतील, पण म्हणून लसूण नाहीसा होत नाही. तोही एकेक किलो मिळतोच. बहुपदीला एकपदीने भागताना असेच प्रत्येक पदाला स्वतंत्रपणे भागावे लागते.

वाटणीचा हा दाखला सहगुणकांपुरताच खरा आहे. घातांकांचा भागाकार करायचा नसतो, तर पाया समान असताना त्यांची वजाबाकी करायची असते, कारण क्ष⁵ म्हणजे पाच क्षंचा गुणाकार असून क्ष² मुळे त्यातले दोन कटतात आणि तीन उरतात. (क्ष⁶ ÷ क्ष² चे उत्तर क्ष³ लिहिणारी मुले इथेच फसतात; ते क्ष⁴ आहे.) क्ष² ÷ क्ष² मध्ये याच नियमाने क्ष⁰ मिळतो. शून्येतर संख्येला तिनेच भागले की १ येतो, म्हणून क्ष शून्य नसताना क्ष⁰ ची किंमतही १ च मानावी लागते. म्हणजे पूर्ण उत्तर ३क्ष³ + २क्ष + १.

एवढ्यानेही पटले नाही, तर तिला तिच्या उत्तराला ४क्ष² ने गुणायला सांगा. १२क्ष⁵ + ८क्ष³ एवढेच परत येईल आणि हरवलेले ४क्ष² तिचे तिलाच दिसेल. ताळा करण्याचा कंटाळा बहुतेक मुलांना असतो, पण या प्रकरणात त्याला पर्याय नाही.

मूळ बहुपदीत ५क्ष हे पद आणखी असते, तर मात्र ५क्ष ÷ ४क्ष² मध्ये क्षचा घातांक −१ झाला असता. ऋण घातांक असलेले पद बहुपदीत बसत नाही, म्हणून तेव्हा भागाकार तोच ठेवून ५क्ष ही बाकी लिहावी.