सेप्ट्रान बंद करू नका, आणि खोकल्यासाठी नुसत्या एक्सरेवर विसंबू नका

ताई, आईंना जीपीए (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच रक्तवाहिन्यांवर उलटते तो आजार) आहे, रिटुक्सिमॅब (प्रतिकारशक्ती दाबणारं इंजेक्शन) झालंय, वायसोलोन (स्टेरॉइडची गोळी) ३० मिग्रॅ. वर आहे, आणि तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: इन्फेक्शन नसताना सेप्ट्रान (अँटिबायोटिक गोळी) कशाला, आणि आठवडाभर कोरडा खोकला आहे पण एक्सरे क्लीन आला तर थांबून बघू का. मी डॉक्टर नाही, पण हाच आजार आणि ह्याच गोळ्या घेऊन बरीच वर्षं काढलीत म्हणून लिहितोय.

आधी खोकल्याचं, कारण ते घाईचं आहे. थांबू नका, आजच रुमॅटॉलॉजिस्टला (हा आजार बघणाऱ्या डॉक्टरांना) फोन करा. सेप्ट्रान जिच्यासाठी देतात ती न्यूमोसिस्टिस नावाची बुरशी, डॉक्टर पीजेपी म्हणतात, धडधाकट माणसाला काही करत नाही, पण रोज वीस मिग्रॅ.च्या वर स्टेरॉइड महिनाभर आणि जोडीला रिटुक्सिमॅब नाहीतर एंडॉक्सन (तेही प्रतिकारशक्ती दाबणारंच औषध) असलं की तिला रान मोकळं मिळतं. आणि सुरुवातीला एक्सरे चक्क नॉर्मल येऊ शकतो, एचआरसीटी (फुप्फुसांचा बारकाईचा सीटी स्कॅन) केला की मग दोन्ही फुप्फुसांत धुरकट पांढरं दिसतं. एचआयव्हीवाल्यांना हे हळूहळू, काही आठवड्यांत चढतं, आपल्यासारख्यांना मात्र कधीकधी दोनचार दिवसांतच दम लागायला लागतो, आणि स्टेरॉइडमुळे ताप दबलेला असतो त्यामुळे घरच्यांना वाटतं, ताप नाही ना, मग ठीक आहे.

घरी एक करता येईल. बोटाला ऑक्सिमीटर लावा (नेलपेंट असेल तर काढा, आकडा चुकतो), बसून रीडिंग घ्या, मग घरातल्या घरात दोनतीन मिनिटं चालायला लावून परत घ्या, दम लागला तर लगेच थांबवा. बसून ९७ आणि चालल्यावर ९१-९२ झालं तर त्याच दिवशी हॉस्पिटल. आकडा चांगला आला तरी फोन करायचाच आहे, ते टाळू नका.

आता सेप्ट्रान. ती औषध म्हणून नाही, आडकाठी म्हणून आहे, त्यामुळे "इन्फेक्शन नाही तर कशाला" हा प्रश्नच उलटा आहे, नाही म्हणूनच चालू आहे. अंगावर पुरळ आलं, किंवा सोबत मेथोट्रेक्सेट (हेही प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) चालू असेल, तर मात्र डॉक्टरांना लगेच सांगा, मेथोट्रेक्सेट आणि सेप्ट्रान एकत्र आली की रक्तपेशी घसरू शकतात. सल्फाची (ते सेप्ट्रानमध्ये असतं) अ‍ॅलर्जी असेल तर दुसरे पर्याय आहेत, पण ते डॉक्टरांनीच ठरवायचं.

खरी गोची पुढे आहे. जीपीए स्वतःच फुप्फुसात गाठी आणि पोकळ्या करतो, टीबीमुळेही तसंच होतं, अ‍ॅस्परजिलस नावाच्या बुरशीमुळेही, स्कॅनवर तिन्ही सारखेच वाटू शकतात. आपल्याकडे तर जीपीएच्या कितीतरी पेशंटना आधी टीबीच्याच गोळ्या चालू होतात. आणि उपाय एकदम उलटे, आजार उसळला असेल तर स्टेरॉइड वाढवायचं, इन्फेक्शन असेल तर तेच वाढवून आगीत तेल. म्हणून ब्रॉन्कोस्कोपी (नळी घालून फुप्फुस बघायची तपासणी) सांगितली तर घाबरून नाही म्हणू नका, फुप्फुसात थोडं सलाइन सोडून परत ओढून घेतात आणि त्यावर पीसीआर (जंतूंचा डीएनए शोधणारी तपासणी), फंगस, टीबी सगळं बघतात. टीबी निघालाच तर रिफॅम्पिसिन ह्या टीबीच्या औषधामुळे वायसोलोनचा असर कमी होतो, डोसचं गणित बदलतं, हे विचारून घ्या.

शेजारणीने "स्टेरॉइडच बंद करा" सांगितलं असेल तर ते ऐकू नका, अचानक सोडलं तर माणूस कोसळू शकतो. डोस लवकर उतरवता येतो का ते जरूर विचारा, २०२० च्या पेक्सिव्हास नावाच्या चाचणीत ह्याच गटातल्या आजाराचे ७०४ पेशंट होते आणि कमी स्टेरॉइडवाल्यांचं जास्तवाल्यांइतकंच भागलं, वर पहिल्या वर्षात गंभीर इन्फेक्शन्स कमी झाली. पण खोकल्याचं निदान होईपर्यंत तो विषय बाजूला ठेवा.

कॅज्युअल्टीत जायची वेळ आली तर तिथल्या ज्युनिअर डॉक्टरला "आईंना खोकला आहे" म्हणून सुरुवात करू नका, पहिल्याच वाक्यात रिटुक्सिमॅब कधी झालं, वायसोलोन किती, सेप्ट्रान चालू आहे की सुटली, हे सांगा, नाहीतर व्हायरल म्हणून सिरप देऊन घरी पाठवतील.