२०१० ते २०१९ या दशकातले स्वतंत्र संगीतातले सर्वांत चांगले अल्बम कोणते?

प्रश्नाखाली तुम्ही एक ओळ जोडली आहे: "की ज्यांना कुठली रेकॉर्ड कंपनी घेत नाही तेच स्वतःला स्वतंत्र म्हणवतात?" त्या ओळीसाठी लिहायला बसलोय. हेच वाक्य मी सांगलीत, आमच्याच घरात, दहा वर्षं ऐकलंय.

आधी नावं. इंडियन ओशनचा '१६/३३० खजूर रोड' (२०१०). द लोकल ट्रेनचा 'आलस का पेड़' (२०१५). त्यांचा २०१८ चा 'वाक़िफ़' जास्त सफाईदार आहे, पण पहिल्यातली ओढ त्यात नाही. प्रतीक कुहाडचा 'इन टोकन्स अँड चार्म्स' (२०१५). ओबामांनी आपल्या आवडत्या गाण्यांच्या २०१९ च्या यादीत त्याचं गाणं घेतल्यावर ज्यांना तो सापडला, त्यांनी हा अल्बम आधी ऐकावा. कोलकात्याच्या पारेख अँड सिंगचा 'ओशन' (२०१६). दिल्लीच्या प्रभ दीपचा 'क्लास-सिख' (२०१७). हिंदी-पंजाबी रॅप म्हणजे गाड्या आणि पैसा असं वाटत असेल तर तो ऐकाच. सीधे मौत या रॅपर जोडीचा 'बयान' (२०१८). आणि पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनीचा 'बिस्मिल्लाह' (२०१९), माझ्या मते दशकातला सर्वांत श्रीमंत आवाज.

आता खजूर रोडबद्दल. हा दिल्लीच्या करोलबागेतल्या त्या जुन्या बंगल्याचा पत्ता, जिथे इंडियन ओशन हा बँड वर्षानुवर्षं तालीम करायचा. बँडचे गायक आणि तबलावादक अशीम चक्रवर्ती २००९ च्या डिसेंबरात गेले. त्यांचा आवाज या गाण्यांत आहे. बँडने अल्बम कंपनीला दिला नाही. दर महिन्याला एक गाणं आपल्या साइटवर फुकट ठेवलं. मी नेटकॅफेत जाऊन ती पेनड्राइव्हवर उतरवायचो. सगळी जमल्यावर कोऱ्या सीडीवर टाकली आणि वर मार्करने नाव लिहिलं.

आमच्याकडे गाणं म्हणजे काका. मिरजेत कारागिराच्या शेजारी बसून बनवून घेतलेला तानपुरा, उरुसात दर्ग्यातली संगीतसभा कधी चुकवली नाही. त्यांनी सीडी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, "फुकट वाटतात म्हणजे कुणी विकत घेत नाही." मी सांगितलं, काका, याच बँडचा 'कंदीसा' २००० साली कंपनीनेच काढला होता आणि तो गाजलाही. कंपनी पाहून झाल्यावर यांनी हे ठरवलंय. त्यांनी सीडी परत दिली.

पुढच्या वर्षांत पुण्याला मैफिलींना जाऊन, स्टेजच्या बाजूच्या टेबलावरून, जमेल तशा सीड्या घेत गेलो. सव्वाशेच्या वर झाल्या.

मग ऑगस्ट २०१९ चा पूर. घर गावभागात. भिंतीवर २००५ च्या पाण्याची रेघ आहे आणि सीड्यांचं कपाट त्या रेघेच्या हातभर वर होतं. काकांनी तानपुरा रजईत गुंडाळून माडीवर नेला आणि मला म्हणाले, "ते तुझंही वर घे." मी म्हटलं, रेघेच्या वर आहे, काही होत नाही. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वेळी पाणी ५७ फुटांवर गेलं.

आम्ही विश्रामबागेत नातेवाइकांकडे होतो. परत आलो तेव्हा दार ढकलताना आतून गाळ सरकत होता. कव्हरं एकमेकांना चिकटून लगदा झालेली. बादलीत शांपूचं पाणी केलं आणि एकेक सीडी धुवायला बसलो. थोड्या वेळाने काका पाट घेऊन शेजारी बसले, जुन्या धोतराचा तुकडा घेऊन पुसायला लागले. गोल पुसत होते. मी दाखवलं, मधून कडेकडे सरळ पुसायचं, नाहीतर चरे पडतात. त्यांनी न बोलता तसं केलं. विकतच्या बहुतेक सीड्या नंतर वाजल्या. घरी भरलेल्या वाचल्या नाहीत. खजूर रोड पाण्यात घातली आणि तिचा चंदेरी पापुद्रा सुटून वर तरंगला.

"फुकटची गेली बघ," काका म्हणाले.

त्या दिवशी मी ऐकून घेतलं नाही. म्हटलं, विष्णु दिगंबर पलुस्कर मिरजेत शिकले, संस्थानाचा आश्रय होता. तो सोडून बाहेर पडले, तिकीट लावून गायले, १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, लोकांच्या वर्गणीवर चालवलं. त्यांनाही दरबार घेत नव्हता म्हणून का? काका म्हणाले, "बुवांची तुलना करू नकोस." आणि पुढची सीडी पुसायला घेतली.

तुलना गायकीची नाहीच, आणि हेच तुम्हालाही सांगतो. आपलं गाणं कुणाच्या हातात राहील हे ज्याने स्वतः ठरवलं, तो स्वतंत्र. पलुस तर आमच्याच जिल्ह्यातलं आहे, आम्हाला तरी हे दुसऱ्याने शिकवायला नको. म्हणून आवडलेला अल्बम विकत घ्या, शक्यतो कलाकाराच्याच हातून, आणि जमिनीपासून उंच ठेवा.

दोन गोष्टी राहिल्या. कंपनी खरंच घेत नाही म्हणून स्वतंत्र झालेलेही खूप आहेत, आणि त्यांतले बरेच कच्चे आहेत, हे मान्य. आणि वर मराठी काहीच नाही, याचं मला वाईट वाटतं. मुंबईच्या स्वदेसी या रॅप गटाचं २०१९ चं 'द वारली रिव्होल्ट', ज्यात मुंबईतल्या आरे जंगलातले आदिवासी प्रकाश भोईर आहेत, मी आजही ऐकतो, पण ते एक गाणं आहे, अल्बम नव्हे. मेटल मी ऐकत नाही. त्यासाठी दुसऱ्या कुणाचं उत्तर वाचा.