अमेरिकेच्या प्रायमरीत आपल्या उमेदवाराला मत द्या असं नातेवाईक-मित्रांना कसं सांगावं?

तुम्ही लिहिलंय की पुढच्या प्रायमरीत (म्हणजे नोव्हेंबरच्या निवडणुकीआधी पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात) तुमच्या आवडत्या उमेदवारासाठी घरच्यांना आणि मित्रांना गळ घालायची आहे, पण त्यातून नाती बिघडतील अशी धास्ती वाटते. नाती बिघडण्याची मला फारशी काळजी वाटत नाही. आपल्या लोकांत वेगळंच होतं. भिडेखातर सगळे "हो हो, नक्की" म्हणतात आणि मतदानाच्या दिवशी कोणी फिरकत नाही. फिरकलंच तर हातात मतपत्रिका भलत्या पक्षाची येते, नाहीतर येतच नाही. म्हणून उमेदवाराचे गुण गाण्याआधी समोरचा माणूस मत देऊ शकतो का, कुठल्या पक्षाच्या प्रायमरीत, आणि त्याची मुदत कधी संपते, एवढं शोधून काढा. माझ्या मते प्रायमरीच्या प्रचारातलं अर्धं काम हेच.

याचा सगळ्यात बोलका दाखला खुद्द ट्रम्प घराण्यातला आहे. एप्रिल २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रायमरीत इव्हांका आणि एरिक या मुलांना वडिलांनाच मत देता आलं नाही. दोघांची नोंदणी कुठल्याच पक्षात नव्हती. न्यूयॉर्कची प्रायमरी बंद पद्धतीची, म्हणजे ज्या पक्षात तुमचं नाव त्याच पक्षाचं मत. आणि पक्ष बदलायची मुदत आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरातच संपून गेलेली. बापाने राज्य आरामात जिंकलं ही गोष्ट निराळी. पुढे न्यूयॉर्कने ती मुदत १४ फेब्रुवारीपर्यंत पुढे आणली, पण तीही लक्षात ठेवावी लागतेच.

दर राज्याची तऱ्हा वेगळी. न्यू हॅम्पशायरमध्ये पक्ष न लिहिलेला मतदार त्या दिवशी जाऊन हव्या त्या पक्षाची मतपत्रिका मागू शकतो. न्यू जर्सीत पक्ष न लिहिलेल्यांना केंद्रावर पक्ष निवडता येतो, पण एका पक्षातून दुसऱ्यात जायचं तर ५५ दिवस आधी अर्ज लागतो. कॅलिफोर्नियात २०२० आणि २०२४ मध्ये बिनपक्षीय मतदाराला डेमोक्रॅटिक मतपत्रिका मिळत होती, पण मागितली तर. रिपब्लिकन मात्र पक्षात नाव असल्याशिवाय नाही. तिथे अपक्ष राहायचं म्हणून 'अमेरिकन इंडिपेंडंट पार्टी'वर खूण करून एका कडव्या उजव्या पक्षाचे सदस्य होऊन बसलेले लोक किती तरी आहेत. फ्रीमाँटच्या भावजींना फोन लावाल तेव्हा आधी नोंदणी कशी केली होती ते विचारा.

आता ज्यांना मतच नाही त्यांच्याबद्दल. आपल्या ओळखीत एच-वनवाले (नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावरचे) आणि ग्रीन कार्डवाले (कायम राहायची परवानगी असलेले, पण नागरिक नसलेले) भरपूर असतात. त्यांना "करून टाक रे नोंदणी, कोण बघतंय" असं गमतीतही म्हणू नका. नागरिक नसताना मत दिलं तर तो गुन्हा आहे, आणि थेट देशाबाहेर जायची पाळी येऊ शकते. त्यांना बिनपगारी काम करता येतं: फोन, दारोदार फिरणं, गाडी चालवणं. ग्रीन कार्डवाला देणगीही देऊ शकतो, एच-वनवाला नाही. आणि "तू तुझ्या नावाने दे, मी तुला परत करतो" हा आपला घरगुती व्यवहार इथे अजिबात चालत नाही. मुंबईत जन्मलेले, गोवेकर कुटुंबातले उजवे लेखक दिनेश डिसूझा २०१२ च्या एका सिनेट निवडणुकीत नेमकं हेच करून अडकले. २०१४ मध्ये त्यांनी गुन्हा कबूल केला, ३० हजार डॉलर दंड भरला, आठ महिने सुधारगृहवजा केंद्रात राहिले. २०१८ मध्ये माफी मिळाली, पण ती राष्ट्राध्यक्षांकडून! तुमच्या-माझ्यासाठी कोण बसलंय?

मंडळाच्या ग्रुपवरही प्रचार नको. मंडळ करमुक्त धर्मादाय संस्था म्हणून नोंदलेलं असेल तर त्याच्या नावाने, त्याच्या मंचावरून कुठल्याही उमेदवाराचा प्रचार करायला कायद्याने मनाई आहे. गणपतीच्या मांडवात बिल्ले वाटणाऱ्या उत्साही काकांना हे आधीच सांगितलेलं बरं.

एवढी चाळणी लावल्यावर हातात मूठभर माणसं उरतील. हरकत नाही. प्रायमरीत मूठभर माणसांशी नीट बोलण्याला मोल आहे. जोशुआ कल्ला आणि डेव्हिड ब्रूकमन यांनी २०१८ मध्ये प्रचाराचे ४९ प्रत्यक्ष प्रयोग एकत्र मांडले. नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत प्रचाराने मत फिरण्याचं प्रमाण त्यांच्या हिशेबात जवळजवळ शून्य निघालं. प्रायमरीत मात्र तसं नाही, कारण सगळे एकाच पक्षाचे. नावापुढच्या पक्षावरून मत ठरवता येत नाही. रिपब्लिकन मेहुण्याला नोव्हेंबरात डेमोक्रॅट करायला जाऊ नका, वेळ फुकट जाईल. पण ज्या वहिनी डेमोक्रॅट आहेत आणि पाच नावांत गोंधळल्यात, त्या तुमचं खरोखर ऐकतील.

ऐकवायचं कसं? एकच कारण, आणि तेही त्यांच्या घरातलं. औषधांच्या किमतीबद्दल रोज कुरकुर करणाऱ्याशी औषधांवर बोला. ज्याचा सख्खा भाऊ ग्रीन कार्डच्या रांगेत वर्षानुवर्षं अडकलाय त्याच्याशी त्या रांगेवर बोला. तुमच्या उमेदवाराच्या चाळीस कलमी कार्यक्रमाची लिंक पाठवू नका, ती कोणी उघडत नाही.

आणि दुसरी पसंती विचारून ठेवा. हे मी आयोवात शिकले. ३ फेब्रुवारी २०२०, संध्याकाळी सातला शाळेच्या जिममध्ये आमचं डेमोक्रॅटिक पक्षाचं कॉकस, म्हणजे प्रायमरीऐवजी सभेत जमून उमेदवार निवडायची पद्धत. तेव्हा तिथे गुप्त मतदान नव्हतं, आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं. मी राष्ट्राध्यक्षपदाच्या इच्छुक एमी क्लोबुचारच्या बाजूने होते आणि ओळखीची काही कुटुंबं सोबत आणली होती. प्रभागातल्या उपस्थितांपैकी १५ टक्के माणसं कोपऱ्यात नसतील तर तो उमेदवार तिथे बाद, आणि त्याच्या माणसांना दुसरीकडे जायची मुभा. आमचा कोपरा कमी पडला. लगेच बाकीच्या गटांतले शेजारीपाजारी आम्हाला ओढायला आले, आणि माझ्याबरोबर आलेले सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. आमचं आधीच बोलणं झालेलं होतं म्हणून बरं. बहुतेक जण एकगठ्ठा पीट बुटिजेज या दुसऱ्या इच्छुकाकडे गेले, घरी कोणी निघून गेलं नाही. (त्या रात्री निकाल कळवायचं ॲप बिघडलं आणि निकालाला कित्येक दिवस लागले, तो तमाशा सगळ्यांनी टीव्हीवर पाहिला.)

कॉकस नसलेल्या राज्यांतही हे उपयोगी पडतं. त्याच वर्षी बुटिजेजने १ मार्चला माघार घेतली, क्लोबुचारने २ मार्चला, आणि सुपर ट्यूजडे, म्हणजे बऱ्याच राज्यांच्या प्रायमरीचा एकच दिवस, होता ३ मार्चला. कॅलिफोर्नियात पोस्टाने मतदान फेब्रुवारीच्या सुरुवातीपासून चालू होतं, त्यामुळे ज्यांनी उत्साहाने आधीच पाकीट टाकलं त्यांचं मत शर्यतीत नसलेल्या माणसाला गेलं. म्हणून उमेदवारांची गर्दी असेल तेव्हा घरच्यांना मतपत्रिका लवकर पाठवायची घाई करायला लावू नका. शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबा, मग पाकीट पेटीत पडलं का ते फोन करून विचारा. फोनच करा, व्हॉट्सॲपवर अंगठा येतो, मत येत नाही.

घरात सतरा वर्षांचं पोर असेल तर त्याचंही बघा. आयोवा, इलिनॉय, व्हर्जिनिया, मेरीलँड अशा राज्यांत नोव्हेंबरच्या निवडणुकीपर्यंत अठरा पूर्ण होणार असतील तर प्रायमरीत भाग घेता येतो. ही मुलं आईवडिलांना केंद्रावर ओढत नेतात, आपल्याला वेगळं सांगावं लागत नाही.

तुम्ही कुठल्या राज्यात राहता ते लिहिलेलं नाही. पक्ष बदलायची आणि नोंदणीची तारीख राज्याच्या निवडणूक खात्याच्या संकेतस्थळावर असते, आणि ती दर निवडणुकीला बदलू शकते. ती आजच बघून घ्या, उमेदवार नंतर ठरवलात तरी चालेल.