आधी बसव त्यांना

तुझा ११ मिनिटांचा व्हॉइस मेसेज काल दोनदा ऐकला. पहिल्यांदा घरात मिक्सर चालू होता त्यामुळे अर्धा गेला, मग गॅलरीत जाऊन परत ऐकला. तुर्कस्तानातल्या इझमिर एअरपोर्टवरून बोलत होतीस ना, मागे कुणीतरी 'माझी निळी बॅग, निळी बॅग' करत होतं, तू त्यांना 'हो काकू आलेच' म्हणत होतीस आणि मधेच मला विचारत होतीस की काका, मी ही टूर मॅनेजरची लाइन सोडू का.

सोडायची की नाही ते तुझं तू ठरव, त्यावर मी बोलणार नाही. धीरबीर पण देणार नाही, तू काही दहावीत नापास झालेली नाहीस. पण तो दुसरा प्रश्न विचारलास ना, की इफेसस या जुन्या उद्ध्वस्त शहराबद्दल ३४ जणांच्या फीडबॅक फॉर्मपैकी ९ जणांनी लिहिलं 'इफेससला नुसते दगड दाखवले' आणि दोघांनी लिहिलं 'इफेससला पळवलं, धड काही बघू दिलं नाही', तर यातलं खरं कुठलं धरायचं, त्याने मला रात्रभर झोप नाही. अगं दोन्ही खरं आहे. पळवलंस म्हणून तर दगड दिसले.

तुझा तो दिवस कसा गेला ते मी इथं ठाण्यात बसून सांगतो. सकाळी कुशादासीच्या हॉटेलातून निघायला उशीर, कारण कुणाचं तरी लॉकर उघडेना. मग लेदरचं शोरूम, सफरचंदाचा चहा, फॅशन शो, आपल्यातल्याच दोघातिघांना जॅकेट घालून रॅम्पवर चालवलं, टाळ्या, दीड तास गेला. मग डोंगरावर येशूच्या आईचं, मेरीचं घर. मग इफेसस, वरच्या गेटने आत आणि खालच्या गेटने बाहेर, उतार आहे म्हणून सगळे तसंच करतात, ५५ मिनिटं. अर्तमी या ग्रीक देवीच्या देवळाचा उरलेला एकुलता एक खांब गाडीतूनच, 'उजवीकडे बघा, वर करकोच्याचं घरटं आहे'. जुन्या जगातल्या सात आश्चर्यांपैकी एक, आणि आपण ते काचेतून दाखवतो. येशूचा शिष्य संत योहान, त्याची बॅसिलिका म्हणजे मोठं चर्च, ते खालून फोटो स्टॉप. जेवण. मग पामुक्कलेच्या गरम पाण्याच्या कुंडांकडे तीन तास, गाडीत सगळे घोरतायत. बरोबर ना?

बरोबरच असणार, कारण हा दिवस मीही असाच काढलाय, एकदा नाही, चौदा वेळा. म्हणून आता एकच गोष्ट सांगतो आणि तीच परत परत सांगणार आहे, कंटाळा आला तरी ऐक. बसव त्यांना. आधी बसव, मग दाखव. वीस मिनिटं एका जागी, गाइडचं बोलणं ऐकायचे कानातले व्हिस्पर सेट काढून, फोन खिशात.

कुठं बसवू म्हणून विचारशील. इफेससला थिएटरमध्ये. २४-२५ हजार माणसं मावायची तिथं, तुझे ३४ कुठंही मावतील. पण नुसतं बसवून उपयोग नाही हेही खरं, आदल्या रात्री हॉटेलात जेवणानंतर दहा मिनिटं त्यांना गोष्ट सांगून ठेव. बायबलमध्ये प्रेषितांची कृत्ये म्हणून पुस्तक आहे, त्याचा १९ वा अध्याय. येशूचा प्रचार करणारा पौल या गावात दोन वर्षांहून जास्त राहिला आणि सांगत सुटला की हातांनी घडवलेले देव हे देवच नाहीत. आता गाव सगळं अर्तमीच्या देवळावर जगणारं, चांदीचे छोटे देव्हारे करून विकणाऱ्या सोनारांच्या पोटावर पाय आला. देमेत्रिय नावाच्या सोनाराने सगळ्या कारागिरांना भडकवलं आणि अख्खं गाव या थिएटरात घुसलं, दोन तास एकच घोषणा, इफिसकरांची अर्तमी थोर (इफिस म्हणजे बायबलातलं इफेससचं नाव). आणि गंमत म्हणजे त्यातल्या बहुतेकांना आपण कशासाठी जमलोय तेच माहीत नव्हतं, असं तिथंच लिहून ठेवलंय. शेवटी नगराचा चिटणीस आला आणि म्हणाला, तक्रार असेल तर कोर्टं उघडी आहेत, तिकडे जा. हे सांगितलंस की आपले लोक हसतात, कारण असे मोर्चे आपण रोज बघतो. दुसऱ्या दिवशी त्याच पायऱ्यांवर बसले की मग तो दगड राहत नाही.

आणि समोर बघायला सांग. थिएटरपासून बंदराकडे जाणारा सरळ रस्ता दिसतो, अर्धा किलोमीटर, आणि त्याच्या टोकाला समुद्रच नाही. नदीच्या गाळाने बंदर बुजलं, समुद्र कितीतरी किलोमीटर मागे गेला, गाव मेलं. हे तू सांगूच नकोस. सात-आठ मिनिटं गप्प बसलं की कुणीतरी, बहुतेक ज्यांच्याकडून अपेक्षाच नाही असे एखादे बँकेतले काका, आपणहून विचारतात, 'मग जहाजं लागायची कुठं?' त्या एका प्रश्नासाठी बसवायचं असतं बाई.

तुला वाटतं आपलं काम बोलणं आहे, म्हणून तू रात्र रात्र नोट्स काढतेस. तुर्कस्तानात साइटवर बोलायचा हक्क तिथल्या लायसन्सवाल्या गाइडचा, आपण माइक घेऊन सुरू झालो तर दंड होतो हे तुला माहीत आहे. मग आपण कशाला असतो? हेडकाउंटला? पासपोर्ट सांभाळायला? ते तर आहेच. पण गाइडला पुढचा ग्रुप असतो, ड्रायव्हरला तास मोजून दिलेले असतात, दुकानवाल्याला गिऱ्हाईक पाहिजे असतं, त्या सगळ्यांत 'थांबा' म्हणणारं माणूस एकच, ते म्हणजे तू. तू थांबली नाहीस तर कुणीच थांबणार नाही.

आता माझं सांगतो, म्हणजे हे कुठून आलं ते कळेल.

२००९ चा मे महिना. ग्रुपमध्ये वसईच्या एक मावशी होत्या, सत्तरी ओलांडलेल्या, पांढरी साडी, गुडघ्याला पट्टा. मुलाने पाठवलेलं. पूर्ण प्रवासात एकदाही कुरकुर नाही, चहा थंड मिळाला तरी पिणार. इफेससशेजारच्या सेल्चुकला संत योहानाच्या बॅसिलिकेपाशी मी नेहमीसारखं म्हटलं, दहा मिनिटं, फोटो काढा आणि या. जस्टिनियन बादशहाने सहाव्या शतकात बांधलेलं ते, योहानाची कबर जिथं आहे असं मानतात त्याच्यावर, आता नुसत्या भिंती आणि खांब उरलेत. मावशी चढून आत गेल्या. दहाची पंधरा मिनिटं झाली, ड्रायव्हर घड्याळ दाखवायला लागला, मी वर गेलो. कबरीच्या जागी संगमरवरी फरशी आहे, चार कोपऱ्यांना चार बुटके खांब, आणि मावशी शेजारच्या दगडावर बसल्या होत्या, एक हात फरशीवर आणि दुसऱ्या हातात जपमाळ. माळेतले अजून निम्म्याहून जास्त मणी बाकी होते, ते मला नीट दिसलं. आणि मी शिट्टी वाजवली. माझ्याकडे पिवळी शिट्टी असायची तेव्हा, ग्रुप जमवायला. माळ मुठीत धरून त्या उठल्या, 'झालं बाळा' म्हणाल्या. झालं नव्हतं.

गाडीत माझ्या मागच्याच सीटवर होत्या. हळूच म्हणायला लागल्या, इफिस, स्मुर्णा, पर्गम, थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया, लावदिकीया. मला वाटलं काहीतरी प्रार्थना. म्हटलं काय म्हणताय मावशी, तर म्हणाल्या बायबलच्या शेवटच्या पुस्तकातल्या, प्रकटीकरणातल्या सात मंडळ्या, म्हणजे पहिली ख्रिस्ती मंडळं, लहानपणी पाठ केलेल्या, सगळ्या याच देशात आहेत ना, आपण किती बघणार? मला तेव्हा हेही माहीत नव्हतं की ज्या इझमिरला आम्ही उतरलो तेच स्मुर्णा. आणि संध्याकाळी डेनिझलीवरून पामुक्कलेकडे जाताना लावदिकीया आमच्या शेजारूनच गेलं, तेही मला नंतर कळलं, मुंबईत येऊन नकाशा बघितल्यावर. सातवं नाव त्या ज्या गावाचं घेत होत्या ते खिडकीबाहेर होतं, आणि मी पुढे बसून रात्रीच्या जेवणात जैन किती याचा फोन करत होतो.

त्यानंतर मी एकटा गेलो लावदिकीयाला. तिथं मातीचे पाण्याचे पाइप आहेत, आतून चुन्याने भरत आलेले, कढईला खरवड धरते तसे. एका बाजूला हिरापोलिसचं, म्हणजे पामुक्कलेचंच, गरम पाणी, दुसऱ्या बाजूला कलस्सै गावाचं गार, आणि प्रकटीकरणात या गावाला सुनावलंय की तू ना गरम ना थंड, कोमट आहेस, म्हणून तोंडातून ओकून टाकीन. मी त्या पाइपांपाशी बसलो. पहिल्यांदाच बसलो कुठल्या साइटवर, इतक्या वर्षांत. चौथ्या शतकातलं मोठं चर्च तिथं पुढच्याच वर्षी, २०१० साली सापडलं, आता छप्पर आणि काचेची वाट करून ठेवलीय त्यावर. पामुक्कलेला दोन तास पाय भिजवायला देतेस ना, त्यातला एक तास काढ आणि इथं ने. लोक ओरडतील. ओरडू दे.

आता तू म्हणशील काका, शिट्टी मारणारे तुम्हीच. हो मीच. पण हेही समज की मी काही चोर नव्हतो. लेदरच्या दुकानातून येणाऱ्या पैशावर टूरची किंमत खाली राहायची, आणि किंमत खाली राहिली म्हणूनच त्या मावशी तिथपर्यंत पोचल्या, नाहीतर वसईतच राहिल्या असत्या. ऑफिसने छापून दिलेला प्रोग्राम, त्यात 'बसणे' असं कुठं लिहिलेलं नसतं. ठाण्याच्या फ्लॅटचा हप्ता होता. हे सगळं खरं आहे आणि तरीसुद्धा ती शिट्टी मी वाजवायला नको होती, पाच मिनिटांनी काय ड्रायव्हर मरत नव्हता.

पुढची बारा वर्षं मी बसवलं. मालकांनी बोलावून झापलं, एका गेस्टने लेखी दिलं की टूर मॅनेजरने आम्हाला उन्हात विनाकारण बसवून ठेवलं, वाचून मला जरा बरंच वाटलं. इन्सेंटिव्ह गेला. बायको म्हणाली तुला काय साधुसंत व्हायचंय का. कॅपाडोकियाला डेरिनकुयूच्या भुयारी गावात जिथं तो चाकासारखा दगडी दरवाजा आहे तिथं जरा मोकळी जागा बघून मी पाच मिनिटं टेकायला लावायचो (गुदमरणाऱ्यांना आधीच वर ठेव, हे विसरू नकोस). गोरेमेच्या अंधाऱ्या चर्चला वेगळं तिकीट आहे, आपण ते वाचवतो, वाचवू नकोस. खिडकी एवढीशी, उजेडच आला नाही म्हणून भिंतींवरच्या चित्रांचे रंग टिकले, कालच दिलेले वाटतात. आत फोटो काढायला बंदी आहे हे तर आपलं नशीबच. इस्तंबूलच्या हागिया सोफियात आता परदेशी टुरिस्टांना फक्त वरच्या गॅलरीत सोडतात, तिथं बसायची सोय नाही, मग भिंतीशी उभं कर, ख्रिस्ताच्या त्या मोझेइकसमोर. खालचा अर्धा भाग पडून गेलाय, चेहरा राहिलाय. पाच मिनिटं, बास. बाकी माहिती फोनवर मिळते.

मेरीच्या घराबद्दल विचारलं होतंस, की खरंखोटं काय सांगू. एमरिक नावाच्या जर्मन ननला अंथरुणात दृष्टान्त झाले, ती स्वतः तिथं कधी गेली नाही, त्या वर्णनावरून १८९१ मध्ये पाद्र्यांनी ते घर शोधून काढलं, पुढे तीन-तीन पोप येऊन गेले, मुसलमान बायकाही येतात, हे एवढं सांग आणि गप्प बस. 'इथंच राहायची' पण नको आणि 'कसलं काय' पण नको. बाहेरच्या भिंतीवर आपल्या देशपांडे-कुलकर्णी मंडळींनी पण चिठ्ठ्या बांधलेल्या मी बघितल्यात. नवस कळतो आपल्याला, समजवावा लागत नाही.

आणि ते तुझं 'आपल्या लोकांना यात इंटरेस्टच नाही', हे परत म्हणू नकोस, मला राग येतो. कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबांवर यवनांची म्हणजे ग्रीकांची नावं आहेत, दान देणाऱ्यांची. सोपारा आणि कल्याण त्या काळच्या ग्रीक व्यापाऱ्याच्या पुस्तकात आहेत. इफेससमधली सेल्ससची लायब्ररी जिच्यासमोर सगळे सेल्फी काढतात ती दुसऱ्या शतकातली, म्हणजे ही सगळी एकमेकांच्या आगेमागेची माणसं. लायब्ररीच्या खाली तो सेल्सस पुरलाय, मुलाने बापासाठी बांधली. हे सांगितलं होतंस का? तुझ्या नोट्समध्ये असणार, पण पळताना कुणाला ऐकू आलं असेल!

ऑक्टोबरच्या ग्रुपमध्ये वसईचे ११ जण आहेत म्हणालीस. मग लावदिकीयाचं तिकीट आत्ताच खर्चात धर, नंतर ऑफिस ऐकणार नाही. लेदर शोरूम पूर्ण काढता येणार नाही, ते मी समजू शकतो, पण ते इफेससच्या आधी नाही, नंतर घ्यायला लाव, म्हणजे उशीर झाला तर त्यांचा होईल. आठला इफेससचं गेट गाठ, क्रूझवाल्यांची गर्दी व्हायच्या आत. थिएटरचं तोंड पश्चिमेला आहे, सकाळी ऊन डोंगरामागून येतं, लवकर पोचलीस तर थोडी सावली मिळेल. दगड गार किंवा तापलेला असतो, प्रत्येकाला एकेक जुना पेपर दे बसायला, घरून घेऊन जा, तिकडे मराठी पेपर मिळत नाही. थिएटर दुरुस्तीसाठी बंद असलं तर खाली बंदराच्या रस्त्याकडेला बसव, पण बसव. योहानाच्या बॅसिलिकेला ४० मिनिटं, वरपर्यंत, फोटो स्टॉप नाही. आणि कुणी माळ घेऊन बसलं असेल तर लांब उभी राहा, घड्याळाकडे बघू पण नकोस.

शिट्टी माझ्याकडेच आहे, ड्रॉवरमध्ये. तुला देणार नाही.

त्या निळ्या बॅगेचं काय झालं ते कळव.