व्याख्यानाला जाताना वही घेऊन जा

अगं, पुणे विद्यापीठात, गणेशखिंडीत आलीस ना, आता व्याख्यानांसाठी फक्त आपल्या विभागाच्या सूचनाफलकापुरती राहू नकोस. विद्यापीठाच्या आवारातच आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था आहे, १९८८ पासूनची. तिथल्या चंद्रशेखर सभागृहातलं एखादं व्याख्यान, विषय तुझा नसला तरी ऐकच. पाषाणला एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आणि आयसर (विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था) आहेत, त्यांच्याही सूचना बघत जा.

कार्यशाळेचं वेगळं असतं. जागा मोजक्या, वर बऱ्याचदा मार्गदर्शकांची सही लागते. सूचना दिसली की त्याच दिवशी अर्ज भर. मी एकदा सहीसाठी सोमवारपर्यंत थांबले आणि जागा संपल्या. आजही हळहळ वाटते.

जाण्याआधी व्याख्यानाचा सारांश वाच, न कळलेले शब्द वहीत लिही. पुढे बस. सगळ्यांसमोर विचारायचा धीर होत नसेल, तर नंतर चहाच्या वेळी वक्त्यांना गाठ. माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण अशाच चहावर सुचलं. त्या वेळच्या वक्त्यांनी कागदी रुमालावर काढून दिलेला आलेख अजून माझ्या वहीत चिकटवलेला आहे, कोपऱ्यावर चहाच्या डागासकट.

वेबिनार मात्र निवडून कर. नुसत्या प्रमाणपत्रासाठी दहा ठिकाणी नाव नोंदवलंस, तर दिवस जातात आणि हाती काही लागत नाही.

परवा चारला एक व्याख्यान आहे. पावणेचारला जयकर ग्रंथालयापाशी ये, बरोबरच जाऊ.