जर्मनीत कामावर दुखापत झाल्यास

नमस्कार. जर्मनीतील वृद्धाश्रमात परिचारिका म्हणून रुजू होण्यापूर्वी आपण विचारले आहे, की कामावर इजा झाली तर खर्च कोण करते आणि प्रोबेशनमध्ये काही संरक्षण असते का. असते, आणि ते पहिल्या दिवसापासून असते. १८८४च्या कायद्यापासून चालत आलेल्या या अपघात विम्याची सगळी वर्गणी मालक भरतो. पगारपत्रकात त्याची कपातच दिसत नाही, त्यामुळे नव्याने आलेल्यांपैकी अनेकांना असा विमा आहे हेच ठाऊक नसते. स्वतःच्या निष्काळजीपणामुळे लागले, तरी हक्क जात नाही; दारूच्या अमलाखाली असाल, तर मात्र जाऊ शकतो.

माझ्या दुसऱ्याच महिन्यात, एका आजींना इन्शुलिन दिल्यानंतर वापरलेली सुई हातमोज्यातून माझ्या बोटात शिरली. थेंबभर रक्त आले, म्हणून बोट धुऊन मी गप्प बसणार होते (आपल्याकडची सवय, दुसरे काय). पण सोबतच्या परिचारिकेने ‘फेरबांडबुख’, म्हणजे प्रथमोपचाराची नोंदवही, पुढे ओढली आणि वेळ, खोली व साक्षीदार लिहून झाल्यावरच मला डॉक्टरांकडे पाठवले. पुढच्या साऱ्या रक्ततपासण्यांसाठी मला एक सेंटही द्यावा लागला नाही. ही नोंद ५ वर्षे जपून ठेवणे बंधनकारक असते आणि त्रास उशिरा सुरू झाला, तर तोच पुरावा ठरतो.

दुखापतीमुळे दुसऱ्या दिवशीही कामावर जाता येणार नसेल, तर फॅमिली डॉक्टरऐवजी ‘डी-आर्त्स्ट’, म्हणजे कामावरच्या अपघातांसाठी खास नेमलेल्या डॉक्टरांकडे जावे आणि हे कामावर घडले, असे तेथे स्पष्ट सांगावे. रजा ३ दिवसांपेक्षा लांबली, की विमा संस्थेला कळवणे ही मालकाची जबाबदारी असते.

पहिले ६ आठवडे मालक पूर्ण पगार देतो. नोकरीला ४ आठवडे झाले नसतील, तर तेवढ्या काळापुरते पैसे विमा संस्था देते. त्यानंतर ढोबळ पगाराच्या ८० टक्के, परंतु हातात येणाऱ्या पगाराहून अधिक नाही, अशी रक्कम सहसा ७८ आठवड्यांपर्यंत मिळते. कमावण्याची क्षमता किमान २० टक्क्यांनी घटलेली असून ती स्थिती २६ आठवड्यांपलीकडे टिकली, तर पेन्शनचा हक्क निर्माण होतो.

घर ते कामाचे ठिकाण हा थेट रस्ताही विम्यात येतो, त्यामुळे पहाटेच्या पाळीला जाताना बर्फावर घसरलात, तरी तो अपघात धरला जातो. वाटेत किराणा घ्यायला वळलात, तर त्या फेऱ्यापुरता नाही.

दावा नाकारल्याचे पत्र आले, तर ते मिळाल्यापासून एका महिन्यात लेखी हरकत घेता येते आणि तिला शुल्क नसते. म्हणून पत्र हाती पडलेली तारीख पाकिटावरच लिहून ठेवावी.