नर चढतो, तरी माद्या गाभण का राहत नाहीत?

दादा, तुम्ही लिहिलंय की बार्शीकडे सशांचं पत्र्याचं शेड आहे, दहा माद्या आणि दोन नर. मेमध्ये दोन माद्या दगावल्या. पाऊस झाल्यावर जूनच्या मध्यापासून नर दाखवताय, नर चढतोही, पण पिल्लं नाहीत. दोन माद्यांनी सोळा-सतरा दिवसांनी केस उपटून घरटं केलं आणि पुढे काहीच झालं नाही. आता माद्या विकायचा विचार आहे.

माद्या विकू नका. माझ्या मते दोष नरांचा आहे आणि तोही कायमचा नाही.

सशाला घाम जवळजवळ येतच नाही. अंगातली उष्णता तो कानांतून आणि श्वासातून बाहेर टाकतो. शेडमध्ये रोज तीस-बत्तीसच्या वर पारा राहिला की नराचं वीर्य बिघडायला लागतं, आणि तुमच्याकडे तर मेमध्ये चाळिशी ओलांडते. बाहेरून काहीच कळत नाही. नर खातो, खेळतो, मादीवर चढतो. नवं चांगलं वीर्य तयार व्हायला दीड-दोन महिने लागतात, म्हणून जूनमध्ये गारवा आला तरी नर कामाला येईपर्यंत ऑगस्ट उजाडतो.

केस उपटण्याचं कोडंही यातच सुटतं. सशाच्या मादीत बीज सुटतं ते नर चढल्यामुळे, साधारण दहा तासांनी. वीर्य कमजोर असलं तरी बीज सुटतंच, आणि शरीराला वाटतं गाभ राहिला. हा खोटा गाभ सोळा ते अठरा दिवस टिकतो. तेवढे दिवस ती नराला जवळ येऊ देत नाही, शेवटी घरटं करते. म्हणजे तुमच्या माद्यांचं काम चोख चाललंय.

मी स्वतः सुरुवातीच्या वर्षी याच चुकीपायी चार चांगल्या माद्या बाजारात घालवल्या. अजून वाईट वाटतं.

आता जुलैअखेरपर्यंत थांबा. मग मादीला नराच्या पिंजऱ्यात न्या, उलट नको. तिच्या घरात नर सोडला तर ती भांडते. चौदाव्या दिवशी पोट चाचपा. एका हाताने मानेमागची सैल कातडी धरायची, दुसरा हात मागच्या पायांच्या पुढे पोटाखाली घालून अंगठा आणि बोटं अलगद सरकवायची. गाभण असेल तर द्राक्षाच्या मण्यांसारखं मऊ, बोटांतून निसटणारं काहीतरी लागतं. लेंड्या त्याहून लहान, कडक आणि पाठीच्या कण्याकडे असतात. दाबू मात्र नका.

पुढच्या वर्षी उन्हाळ्याआधी नर शेवटचा दाखवायचा तो फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात. एकतीस दिवस धरले तर मार्चच्या मध्यापर्यंत मादी व्याते आणि एप्रिलच्या उत्तरार्धात पिल्लं आईच्या दुधावरून तुटतात. भर उन्हाळ्यात दिवस भरत आलेली मादी शेडमध्ये असूच नये. सर्वात आधी तीच दगावते. मार्चमधल्या घरट्यातले जादा केस काढून टाका. पिल्लं एकमेकांपासून लांब पसरून पडली असतील तर त्यांना उकडतंय.

पत्र्यावर उसाचं पाचट हातभर जाड टाका आणि दुपारी भिजवा. आत पाणी फवारून वारा कोंडू देऊ नका, दमटपणाने ससे जास्त धापा टाकतात. पाण्याची नळी उन्हात असेल तर निपलमधून गरम पाणी येतं, ससा पीत नाही आणि मग खातही नाही; नळी सावलीत घ्या. गोळी खाद्य पहाटे आणि रात्री, लसूणघास संध्याकाळी. दोन्ही नर शेडच्या सगळ्यात गार कोपऱ्यात, खालच्या पिंजऱ्यात ठेवा.

ससा तोंड उघडून श्वास घेताना दिसला, नाकाभोवती ओल आली, तर थांबू नका. साध्या गार पाण्याने फडकं भिजवून कान पुसत राहा आणि वाऱ्यात ठेवा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका, धक्क्याने जातो.

तुमचे नर किती वयाचे आहेत तेवढं कळवा. तीन वर्षांच्या वरचे असतील तर एक तरुण नर आत्ताच पाहून ठेवलेला बरा.